कवचातली हळद

शिरपूरकडच्या बाजारात एका बाईंनी मला महागड्या गोळ्यांची डबी दाखवली. "साहेब, यात हळदच ना?"

हळदीचाच अर्क. हळदीतले पिवळे द्रव्य, कुरक्युमिन, पाण्यात विरघळत नाही, उन्हात उडते, रक्तात फार थोडे उतरते. म्हणून कारखान्यात त्याच्या कणांवर स्टार्चचे किंवा स्निग्ध पदार्थाचे कवच चढवतात; युरियाला निंबोळी तेल लावतात ना, तसेच. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांना मिरीतल्या पायपरीनने हे शोषण २० पट वाढलेले दिसले.

आपल्या खानदेशी काळ्या मसाल्यात मिरी आहे, भाजीवर तेलाची तर्री आहे. जेवणाला तेवढे पुरे! गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. मिरीयुक्त तीव्र गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घरची हळद बंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवा.