पढविलेला पोपट

पाठांतराच्या जोरावर परीक्षा उतरणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीं आम्हांस कधींच फारसा आदर वाटला नाहीं. असें असतां, अशाच एकाच्या भरंवशावर आम्हीं सांगलीस कित्येक महिने निश्चिंत झोंप घेतली!

हा विद्यार्थी म्हणजे एक संगणकाची संहिता. शिष्यवृत्तीच्या याद्या साताऱ्यास एका संस्थेच्या जुन्या वळणाच्या संगणकाकडे धाडावयाच्या असतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पुण्यास नोकरीवर जाण्यापूर्वीं हें काम ‘एक्स्पेक्ट’मध्यें बसवून दिलें. अमेरिकेंतील डॉन लिब्स यांनीं १९९० च्या सुमारास प्रचारांत आणलेलें हें साधन नांवाप्रमाणेंच वागतें. पलीकडून अमुक अक्षरें येण्याची वाट पाहावयाची. तीं आलीं कीं ठरलेलें उत्तर द्यावयाचें. नांव विचारलें कीं नांव, परवलीचा शब्द विचारला कीं तो शब्द. अर्थ कळण्याचें कारणच नाहीं.

गेल्या आषाढांत याद्या जाईनाशा झाल्या. मुदतीला चार दिवस उरले होते आणि यादींतलीं बहुतेक मुलें खेड्यांतलीं, शिष्यवृत्ति न मिळाल्यास घरीं परतणारीं. रात्रीं खोली बंद करणाऱ्या तरुण लेखनिकानें यंत्र वेळेपूर्वींच थांबविलें असावें, असें ठरवून आम्हीं त्यास चार लोकांसमक्ष बोललों. ‘सर, मीं हात लावला नाहीं,’ एवढेंच तो म्हणाला.

संहिता उत्तरासाठीं दहा सेकंद थांबते. आम्हीं तो अवधि एक मिनिट केला. व्यर्थ! शेवटीं तिसऱ्या रात्रीं लेखनिकास जवळ बसवून, संहितेस आपलें मनोगत पडद्यावर लिहावयास लावणारी आज्ञा दिली. आलेलीं अक्षरें कोणतीं, अपेक्षेशीं जुळलीं कीं नाहीं, तें सर्व दिसूं लागलें. बोट ठेविलें तें लेखनिकानेंच.

दारावरचा प्रश्न ‘लॉगिन:’ असा येतो. त्याचें पहिलें इंग्रजी अक्षर कोठें मोठें, कोठें लहान. म्हणून तें गाळून ‘ऑगिन:’ एवढ्याचीच वाट पाहावी, ही टेलिफोनच्या तारांवरून संगणक जोडीत त्या काळची युक्ति. परवलीचा शब्द दिल्यावर पुन्हां ‘ऑगिन:’ दिसलें, तर आपणांस नाकारलें असें समजून परतावें, असेंहि संहितेस पढविलें होतें. इकडे साताऱ्याच्या संगणकाची डागडुजी झाली होती, आणि तेव्हांपासून तो आंत घेतल्यावर आगत्यानें ‘लास्ट लॉगिन:’ म्हणून मागील भेटीची वेळ सांगूं लागला होता. झालें! यजमान स्वागत करीत आहे आणि पाहुणा अपमान झाला असें समजून उंबऱ्यावरून माघारीं फिरत आहे. तोहि मुकाट्यानें, कोठें नोंद नाहीं, तक्रार नाहीं.

संगणक खरोखरच नाकारतो तेव्हां ‘लॉगिन इनकरेक्ट’ असें स्पष्ट म्हणतो. तेवढेंच ऐकून परतावें, असा एका ओळीचा पालट केला. मध्यरात्रीपूर्वीं यादी साताऱ्यास पोहोंचली.

लेखनिकाची क्षमा मागावयास मात्र आम्हांस आणखी दोन दिवस लागले. तीहि चार लोकांसमक्ष नव्हे.