निवडीचा न्याय

आपल्या समाजात मान दोन वाटांनी येतो. एक वाट जन्माची, दुसरी निवडीची. उत्सवात पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, देवाचा कौल कोणी घ्यावा, हे बहुधा पिढ्यांपूर्वीच ठरलेले असते. गोमंतकातील देवालयांची महाजनकी कुळाने येते. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणण्याचा अधिकार मेस्राम कुळाचा आहे, आणि पौष अमावास्येच्या रात्री त्याच पाण्याने पूजा होते. अशा मानासंबंधी तंटा उपस्थित झाला, तर वकिलाचे काम कष्टाचे असले तरी वाट सरळ असते. सनद पाहावी, वहिवाट पाहावी, देवस्थानचे जुने दप्तर चाळावे.

दुसऱ्या वाटेने येणारा मान मात्र याहून अवघड. तेथे दप्तर नसते, वंशावळ नसते. चाळीस उमेदवारांतून सोळा घ्यावयाचे, सोळांतून अकरा मैदानात उतरवावयाचे, आणि उरलेल्यांस घरी पाठवावयाचे, एवढेच त्या कामाचे स्वरूप. या निवडीत न्याय असतो काय, आणि असल्यास तो कोठे असतो, हा प्रश्न आम्हांस अनेक वर्षे छळीत आला आहे. त्याचा शोध घेताना आमचे मन वारंवार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भारतीय फुटबॉल संघाकडे वळते. याचे एक कारण असे की त्या कथेत आमच्या जुन्या हैदराबाद राज्याचा वाटा मोठा आहे. आणि दुसरे असे की कोण आपला आणि कोण परका, हा प्रश्नच त्या काळी निवड करणाऱ्यांच्या पुढ्यात रोज नव्याने येऊन पडत होता.

ता. ३१ जुलै १९४८ रोजी लंडनजवळ इलफर्ड येथे स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळला. अकरांपैकी आठ गडी अनवाणी होते. कर्णधार होते नागा टेकड्यांत जन्मलेले आणि कलकत्त्यास वैद्यकीचे शिक्षण घेतलेले डॉ. तालिमेरेन आओ. बंगळूरकडच्या सारंगपाणी रामन यांनी गोल करून बरोबरी साधली, परंतु दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी अखेरीस फ्रान्सने २–१ असा विजय मिळविला. वाचकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. त्या दिवशी आमचे आदिलाबाद निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले ते त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, १७ सप्टेंबरला. गोवा तर अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि पुढे तेरा वर्षे राहावयाचा होता. ज्या देशाचा संघ निवडावयाचा, त्याच्या सीमाच अद्याप पुऱ्या ठरल्या नव्हत्या.

हैदराबाद विलीन झाले आणि थोड्याच काळात तेथील सिटी पोलिसांच्या संघाचे नाव देशभर झाले. १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक त्या संघाने जिंकला. त्यामागे एका शाळामास्तराची बुद्धी होती. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. सकाळी वर्ग, संध्याकाळी मैदान, असा त्यांचा क्रम. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांनी १९४३ पासून अखेरपर्यंत सांभाळले. राष्ट्रीय संघाची शिकवण त्यांच्याकडे आली, आणि १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक घेतले. तो गोल मेवालाल यांचा. जो प्रांत तीन वर्षांपूर्वी संघराज्याबाहेर होता, त्याचा मास्तर आता राष्ट्राचे गडी घडवीत होता.

पण यशाच्या पाठोपाठ पराभवही आला. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपल्यापैकी कित्येक गडी तेथेही अनवाणीच खेळले होते. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. वरवर पाहता ही पोशाखाची बाब वाटते. परंतु वकिलाच्या दृष्टीस तो पात्रतेचा नवा नियम दिसतो. पाय कितीही कुशल असो, त्यात बूट नाही तर तो पाय अपात्र. आणि बूट कोणाच्या पायात असतो, हे सांगावयास नको. नियम रास्त होता, त्याविना युरोपीय संघांपुढे निभाव लागला नसता; पण रास्त नियमही गरिबाच्या दारी वेगळ्या चेहऱ्याने येतो.

येथे आम्हांस स्वतःचा थोडा अनुभव सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या कुमार संघाच्या निवड समितीवर आम्ही दोन मोसम होतो. उटनूर, बोथ, जैनद, इंद्रवेल्ली अशा ठिकाणांहून मुले येत. यादी लागली की पालक आमच्याभोवती जमत, कारण समितीत वकील एकटे आम्हीच. बोथकडचा एक शेतमजूर यादी दोनदा वाचवून घेऊन शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, पोरगं कुठं कमी पडलं तेवढं सांगा. आम्ही काय भांडाया नाही आलो." त्याचा प्रश्न ऐकून आम्हांस न्यायालयाची आठवण झाली. हुकूम सकारण असावा, ज्याच्याविरुद्ध तो गेला त्यास कारण कळावे, हे आमच्या धंद्यातले पहिले तत्त्व. आणि फुटबॉलच्या यादीत मात्र नावांखेरीज काही नसते. आम्ही त्यास कारण सांगितले. मुलाचा उजवा पाय उत्तम, पण डाव्यावर चेंडू टिकत नाही. वर्षभर तेवढे सुधारून पुन्हा यावे. त्यावर तो म्हणाला, "पुन्हा यायचं म्हंजे दोघांचं बसभाडं अन् दोन रोजांची मजुरी."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. समितीपुढे ते मांडले, आणि पुढील मोसमापासून दूरच्या मुलांचे भाडे निधीतून द्यावे असा ठराव झाला. तो मुलगा पुन्हा आला. डावा पाय खरोखरच सुधारला होता. पण जन्मतारखेचा दाखला पाहता वयोमर्यादा महिन्याभराने उलटून गेली होती. आमच्या भाषेत बोलावयाचे तर, दावा चांगला होता, पण मुदतबाह्य झाला होता.

त्या दिवसापासून निवडीतील न्याय कोठे शोधावा, याविषयीचे आमचे मत पालटले. यादीत तो पुरता कधीच सापडणार नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने केलेल्या यादीतही कोणी तरी योग्य गडी बाहेर राहतोच. न्यायालयातही चुकीचा निकाल लागतो; म्हणून तर अपील असते. खेळात अपील नाही, पुढचा मोसम आहे. पुढचा मोसम हेच बाहेर राहिलेल्याचे अपील. आणि ज्या अपिलाची फी भरण्याची ऐपत नाही, ते अपील कागदावरचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चव्वेचाळिसाव्या आदेशात निर्धनास फीविना अपिलाची मुभा आहे ती याच कारणास्तव. निवडणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. तो यादी कशी करतो, एवढ्यावर ती संपत नाही. बाहेर राहिलेला पुन्हा दारी येऊ शकेल अशी व्यवस्था तो करतो काय, हेही पाहावे लागते.

रहीममास्तर हे जाणत होते. सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुड्याचा तुळशीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा. त्याची चपळाई मास्तरांच्या नजरेत भरली. पण रोज हैदराबादेस सरावाला येण्याइतके पैसे घरी नव्हते. सायकलच्या भाड्याची सोय मास्तरांनी केली, ही हकीकत हैदराबादच्या जुन्या शौकिनांत सर्वश्रुत आहे. विशीच्या उंबरठ्यावर बलराम मेलबर्नला पोहोचला आणि चार वर्षांनी रोमच्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध त्याने गोल केले. सायकलच्या भाड्याची रक्कम ती केवढी! पण ती वेळेवर दिली गेली.

आता मेलबर्नकडे वळू. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. तेलंगण आंध्रात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात. आमच्या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले, आणि आम्ही पैनगंगेच्या दक्षिणेस तेलुगु राज्यात उरलो. घरात मराठी, बाजारात तेलुगु, कचेरीत जुन्या लोकांची उर्दू, असा आमचा संसार. कोणास आम्ही महाराष्ट्रातून सुटलेले वाटतो, कोणास तेलंगणात आलेले पाहुणे. वास्तविक आम्ही कोठून आलो नाही की कोठे गेलो नाही. रेघ तेवढी हलली.

या रेघेनंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, भारताने मेलबर्न येथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. त्या पथकात नूर महंमद, अजीजुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादचे गडी होते. ज्या राज्याने त्यांस घडविले ते महिन्यापूर्वी विसर्जित झाले होते, पण म्हणून त्यांपैकी एकाचीही जागा हलली नाही. आणि त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईकडून खेळणारा, मूळ बार्देशातल्या आसगावचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. त्याचे मूळ गाव त्या दिवशी परकी अंमलाखाली होते. नकाशा करणाऱ्यांनी ज्यास बाहेर ठेवले होते, त्यास संघ करणाऱ्यांनी आत घेतले होते. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने ४–१ असे हरविले, तेथेही भारताचा एकमेव गोल नेव्हिलचाच. चौथे स्थान मिळाले. तेवढी मजल ऑलिंपिकमध्ये आपण त्यानंतर आजतागायत गाठलेली नाही.

गोमंतकाचेच दुसरे उदाहरण फोर्तुनातो फ्रांको यांचे. कोलवाळचे हे खेळाडू १९६० मध्ये रोमला गेलेल्या पथकात होते, पण तेथे त्यांस एकाही सामन्यात उतरावयास मिळाले नाही. एवढ्या दूर जाऊन बाकावर बसून परत येणे यात मानही आहे आणि जाळही आहे. दोन वर्षांनी, गोवा मुक्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते तेव्हा, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तेच फ्रांको मधल्या फळीत खेळले. अपील मंजूर झाले होते. त्याच स्पर्धेत पंजाबचे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. जखमी माणसास घरी बसविणे सोपे होते. रहीममास्तरांनी त्यांस बचावातून काढून थेट आघाडीवर उभे केले, आणि त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाविरुद्ध २–१ असा जय मिळाला. दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा, कर्णधार चुनी गोस्वामी. एकास जागा नाही असे दिसताच त्याच्यासाठी दुसरी जागा शोधणे, हीदेखील निवडच, आणि ती सर्वांत कठीण.

मास्तर तेव्हा कर्करोगाने पोखरले गेले होते. ११ जून १९६३ रोजी ते वारले. आशियाई फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताकडे पुन्हा आलेले नाही.

कोणी म्हणेल, चार गोलांच्या गोष्टींतून न्यायाचे एवढे तत्त्वज्ञान काढण्याचे काय प्रयोजन? आमचे म्हणणे इतकेच की आपण सारेच कोठे ना कोठे निवडणारे असतो. शाळेत शिक्षक नेमताना, देवस्थानची शिष्यवृत्ती देताना, उत्सवात नाटकाची पात्रे ठरविताना आपल्या हाती एक यादी असते. जन्माने आलेला मान आपल्या पूर्वजांनी आपल्यास सांभाळावयास दिला आहे. तो आदराने सांभाळावा. परंतु जो मान देण्याचे आपल्या हाती आहे, तो देताना यादीखाली रेघ ओढून मोकळे होऊ नये. जे नाव रेघेखाली गेले त्यास कारण सांगावे, पुन्हा येण्याची तारीख सांगावी, आणि येण्याचे भाडे त्याच्यापाशी आहे काय, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.