तिनं तो घातला नाही

परवा रात्री आमच्याकडे टीव्हीवर ‘सँक्टम’ पाहिला. २०११ सालचा ऑस्ट्रेलियन सिनेमा. पापुआ न्यू गिनीतल्या एका अजस्र गुहेत पाणबुडे उतरतात, वर वादळ होतं, वाट बुजते आणि पाण्याखालून समुद्राकडे रस्ता शोधावा लागतो. निर्मात्यांत जेम्स कॅमेरॉनचं नाव, म्हणून ह्यांना भारी उत्सुकता!

समीक्षकांनी मात्र याला चांगलाच झोडपला होता. पाण्याखालचं चित्रण छान, पण संवाद कृत्रिम आणि माणसं पुठ्ठ्याची, असं बहुतेकांचं म्हणणं. गुहेत कोण कुठं आहे तेच कळत नाही, ही रॉजर ईबर्टची तक्रार. पटलं मला. बापलेक भांडतात तेसुद्धा गॅदरिंगच्या तालमीतल्यासारखे! शिवाय सिनेमा ज्यावरून सुचला ती घटना १९८८ची. सहलेखक अँड्र्यू वाइट आणि त्यांचे सोबती ऑस्ट्रेलियात नलारबोरच्या गुहेत असेच अडकले होते, पण सगळे सुखरूप बाहेर आले. सिनेमात वाचतो तो एकटा मुलगा. इतकी माणसं मारायची काय गरज होती, कोण जाणे.

पण एका जागी माझं समीक्षकांशी जमेना. व्हिक्टोरिया म्हणून एक मुलगी आहे. पाणी गारठवणारं. तिला बुडून मेलेल्या बाईचा वेटसूट घालायला सांगतात. ती घालत नाही, आणि मग थंडीनं पार काकडते.

“मूर्ख आहे बाई!” हे म्हणाले.

मी गप्पच बसले. थोरल्या जाऊबाई गेल्या त्या वर्षी सासूबाईंनी त्यांचा स्वेटर माझ्यापुढे ठेवला होता. “नवाच आहे, वाया कशाला घालवायचा?” डिसेंबर महिना, माझी सकाळची शाळा, माझा स्वेटर कोपराशी उसवलेला. तरी नाही घातला. खोबरेल तेलाचा वास होता त्याला, जाऊबाईंच्या केसांचा. खोकला छातीत उतरला, पंधरा दिवस घरी बसले. अर्धवेळ नोकरी, तेवढा पगार गेला. “सोवळं कुणाला दाखवतेस?” सासूबाई म्हणाल्या. सोवळं कुठलं! तो अंगात घातला असता तर त्या खरंच गेल्या, असं झालं असतं.

ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. परवा सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. जरा वेळानं म्हणाले, “वहिनीचा तो स्वेटर कुठाय आता?”

“ट्रंकेत. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय.”