कणी

गेल्या दिवाळीच्या सुटीत दादाने आईला आणि मला मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात इटालियन जेवायला नेले. तिथल्याच भटारखान्यात तो नोकरीला; त्या दिवशी त्याची रजा होती.

मेजावर काट्या-चमच्यांची एवढी गर्दी, की हात कुठे ठेवावा कळेना. (आमच्या घरी काटा फक्त वजनाचा!) वेटर दादाला ‘सर’ म्हणाला, तेव्हा दादाचे कान लाल झाले. दोघे रोज एकत्र डबा खातात.

मग रिझोतो आला. उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातला जाडसर तांदूळ, भाज्यांचे कढत सार पळीपळीने घालत १८-२० मिनिटे ढवळत राहायचा. केशर, शेवटी लोणी आणि चीज. दादा रंगून सांगत होता. आईने एक घास घेतला. तीस वर्षे खानावळ चालवलेली बाई ती!

“कणी राहिलीय रे.”

दादाचा चेहरा उतरला. “मुद्दाम राखतात, आई. शीत दाताला लागलं पाहिजे.”

तिने दुसरा घास सावकाश चावला. “मग कठीण आहे. नजर हलवून चालायचं नाही.” तिने सगळी बशी संपवली आणि हळूच विचारले, “एवढा वेळ ढवळताना बसायला मिळतं का रे?”

दादा नुसता हसला.