फुरसुंगीचा बन्या आणि मिरजोळ्याचा मी

आमच्या घरात दोन गोष्टींवरून वाद होतात. एक, रात्री पंखा तीनवर ठेवायचा की चारवर. आणि दुसरी, २०१७ साली आलेला ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट चांगला की वाईट. पंख्याचा वाद वीज गेली की मिटतो. दुसरा अजून चालू आहे, आणि त्याला कारण मी आहे असं सौ.चं म्हणणं.

आता माझी बाजू ऐका. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ बन्या फेणे हा आमचा बालमित्र. फुरसुंगीचा पोरगा, काडीसारखा हडकुळा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर बसला की वारा, आणि डोक्यात काही शिरलं की जिभेनं ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा. फुरसुंगी जशी पुण्याच्या उंबऱ्यावर, तसं आमचं मिरजोळे रत्नागिरीच्या. तेव्हा फुरसुंगीच्या पोराला जे जमतं ते मिरजोळ्याच्या पोराला जमायला हरकत नाही, असा माझा हिशेब. कॉमर्सला जायच्या आधीपासूनच माझे हिशेब असे चुकत आले आहेत.

मी दहा वर्षांचा असेन. मे महिना. रात्री आमच्या सामाईक कलमाखाली मला एक संशयास्पद इसम दिसला. हातात झेला, खांद्यावर पोतं. मी आधी ट्टॉक केलं आणि मग ‘चोर! चोर!’ करून आख्खी वाडी उठवली. काका आले, चुलतकाका आले, बॅटऱ्या आल्या. बॅटरीच्या उजेडात चोर दिसला. ते आमचे बाबा होते. कलम सामाईक खरं, पण त्याचे आंबे कुणी किती काढायचे याचा दावा तेव्हा कोर्टात पडून होता. त्या रात्री पाठीत धपाटे घालत बाबा एकच वाक्य म्हणत होते, “मेल्या, दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नको!” ही भानगड दुसऱ्यांची नव्हती, घरचीच होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

तेव्हा बन्यावर माझा हक्क हा असा, पाठीवर मोजून घेतलेला. दूरदर्शनच्या मालिकेतला सुमीत राघवन मला चालला होता, कारण तो पोरसवदा होता. चित्रपटाला मोठ्या हौसेनं बायकोपोराला घेऊन गेलो आणि पाहतो तर काय, तिशीला टेकलेला अमेय वाघ! बन्या चक्क मोठा झालेला. आणि पुण्याला आला होता कशाला, तर वैद्यकीयची प्रवेशपरीक्षा द्यायला! आमच्यातल्या एकानं तरी मोठं व्हायचं नाही असं ठरलेलं होतं. मी झालो, त्याला इलाज नव्हता. बँकेत जन्मतारखेचा दाखला लागतो. पण बन्यानं? पडद्यावर खुद्द भागवतही आले. तक्रार करणार होतो, पण दिलीप प्रभावळकरांनी ते इतके गोड केले की ती आल्या वाटेनं परत गेली. गिरीश कुलकर्णींचा अप्पा मात्र पाहूनच घाम फुटावा असा. वार्षिक तपासणीला आलेले एक साहेब असेच हळू आवाजात बोलायचे.

जुन्या वीरांचे हाल साहेबाच्या देशातही चाललेत म्हणा. २०२१ साली जेम्स बाँडला शेवटी मारूनच टाकला, आणि त्याआधी त्याचा ००७ नंबर दुसऱ्या बाईंना देऊन मोकळे. आम्ही बंद खात्याचासुद्धा नंबर असा दुसऱ्याला देत नाही! २०२३ साली इंडियाना जोन्स आला तेव्हा हॅरिसन फोर्ड ऐंशी वर्षांचा. घोड्यावर बसतो काय, मारामाऱ्या करतो काय. आमच्याकडे या वयाच्या माणसाकडून आम्ही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेतो.

चित्रपटाहून परतताना मी हे सगळं स्कूटरवर बोलत होतो. (बाँड आणि जोन्स सोडून, ते नंतर वाढवलं.) चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. ते पुढं उभ्याउभ्याच म्हणाले, “पण बाबा, तो मेलेला मुलगा त्याच्या किती ओळखीचा होता? एका दिवसाच्या. तरी हा त्याच्यासाठी मार खातो ना? मग तो पुस्तकातलाच आहे.” मी म्हटलं, “हँडल सोड.”

तेच चिरंजीव आता पुण्याला शिकतात. रोज रात्री फोनवर माझे तीन प्रश्न ठरलेले. जेवलास का, पैसे पुरतायत का, आणि कुणाच्या भानगडीत पडत नाहीस ना? तिसरा प्रश्न माझ्या तोंडून बाबांच्याच आवाजात बाहेर पडतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यानं फोन उचलला नाही. नऊ झाले, दहा झाले, अकरा झाले. पंखा कितीवर आहे याची कुणी चौकशी केली नाही. सौ. देवासमोर बसली आणि मी, काही करायला हवं म्हणून, विजेची जुनी बिलं तारीखवार लावली. सव्वाबाराला त्याचा फोन आला. रस्त्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोटारसायकलनं उडवलं होतं. लोक नुसते बघत उभे. हा सायकलवरून उतरला, रिक्षा थांबवली, त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि त्यांची मुलगी येईपर्यंत बसून राहिला. सकाळी पेपर होता.

“तुला शंभरदा सांगितलंय...” मी सुरुवात केली आणि पुढचं आठवेचना. चाळीस वर्षं ऐकलेलं आणि ऐकवलेलं वाक्य, पण आठवेना.

“कसे आहेत ते?” मी विचारलं.

“पाय मोडलाय. माझा हातच सोडत नव्हते, बाबा. म्हणून फोन घेता आला नाही.”

“बरं. आणि सायकल?”

“परत येऊन बघतो तर नाही. टपरीवाल्यानं एकाला नेताना पाहिलंय. मी जरा शोध घेऊ का?”

“काही नको! पोलिसांत तक्रार दे, पोच घे आणि अभ्यासाला बस!”

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पासबुक भरता भरता माझ्या जिभेनं आपोआप ट्टॉक केलं. समोर पेन्शनवाल्या एक आजी उभ्या होत्या.

“दात दुखतोय काय हो?”

“नाही आजी. मुलाची सायकल चोरीला गेली पुण्यात.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या, “मग हसताय कसले?”