पेनाचा ठिपका

मुलगी दहा महिन्यांची होती. एका सोमवारी सकाळी तिला तयार करताना मी डायपरच्या कडेला निळ्या पेनाने एक बारीक ठिपका काढला. साडेसातला तिला पाळणाघरात सोडलं, 7:52 ची लोकल पकडली. संध्याकाळी पावणेसातला तिला घेऊन घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी डायपर उघडला. डायपर फुगून जड झाला होता, मांडीच्या घडीत लाल चट्टा उठला होता आणि ठिपका तिथेच होता. पाळणाघराच्या ॲपवर त्या दिवशी ‘डायपर बदलला’ या रकान्यात तीन खुणा होत्या. वेळासुद्धा लिहिल्या होत्या: 10:15, 1:00, 3:45.

ठिपका काढावासा वाटला, कारण चट्टे आठवडाभर जात नव्हते. आणि ती गप्प झाली होती. घरी आल्यावर खांद्यावर डोकं टाकून पडून राहायची. घरचे म्हणायचे, रुळली हो आता, रडत नाही. मलाही तेच मानायचं होतं.

पाळणाघर मी असंच निवडलेलं नव्हतं. डोंबिवलीत तेव्हा सात ठिकाणं पाहिली होती. हे सगळ्यांत महाग, भिंतींवर जिराफ-हत्ती, जमिनीवर मऊ चटया आणि प्रत्येक खोलीत कॅमेरा. कॅमेऱ्यासाठीच मी ते घेतलं. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली होती आणि ते चित्रण आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या भागातल्या आईबापांचा पहिला प्रश्न तेव्हापासून एकच: कॅमेरा आहे ना? मीही दुपारी डबा खाताना मोबाईलवर खोली बघायचे. मुलगी चटईवर बसलेली दिसायची. कोणी मारत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. मार कॅमेऱ्यात दिसतो. कोणी जवळच आलं नाही, हे दिसायला दिवसभर बघत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून संचालिकाबाईंना भेटले. आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे मॅडम, असं त्या तीनदा म्हणाल्या आणि महिन्याच्या फीमध्ये सूट देऊ केली. मी पिशवी उचलून जिना उतरत होते, तेवढ्यात मुलांना सांभाळणारी मुलगी मागून धावत आली. वीस-बावीस वर्षांची असेल. पाच महिन्यांत त्या खोलीतली ही तिसरी. म्हणाली, “ताई, माझ्यावर राग धरू नका. अकरा लेकरं आहेत आणि मी एकटी. एकीला धुवायला नेलं तर बाकीच्यांना कोण बघणार? चार वाजले की मोबाईल देतात हातात, सगळ्यांच्या खुणा करून टाक म्हणतात.” मी पगार विचारला. तिने सांगितलेला आकडा माझ्या मुलीच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी होता. जिन्यात तिचा हात धरून उभी राहिले, बोलायला काही सुचलं नाही.

नंतर मी वाचलं, की नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये मार्गदर्शक सूत्रं काढली. तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि शिवाय एक मदतनीस, असं त्यांत आहे. ती मुलगी एकटी होती आणि तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. आमच्या सोसायट्यांतल्या पाळणाघरांत येऊन कोणी मुलं मोजल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

ऑफिसात पाळणाघर नव्हतं का, असं अनेकांनी विचारलं. होतं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते द्यावंच लागतं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. त्याच दुरुस्तीने 26 आठवड्यांची रजा मिळाली आणि ती मी घेतली, त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. पण ऑफिस फोर्टला आणि घर डोंबिवलीला. सकाळच्या गर्दीत आपला एक पाय आत टाकता येतो की नाही याची खात्री नसते, तिथे दहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन कसं चढायचं? पाळणाघर कामाच्या जागेजवळ हवं हे मुंबईबाहेरून येणाऱ्या बाईला लागू पडत नाही. तिला ते घराजवळच हवं.

मुलीला तिथून काढल्यावर पंधरा दिवस माझी आई साताऱ्याहून येऊन राहिली. त्या दिवसांत शेजारच्या इमारतीतल्या काकूंचं नाव कळलं. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, सात मुलं. भिंतीवर काही नाही, कॅमेरा नाही. काकू पूर्वी बालवाडीत होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी मला फीबद्दल काही सांगायच्या आधी विचारलं, झोपताना हिला काय लागतं? मी म्हटलं, माझ्या ओढणीचं टोक. म्हणाल्या, मग एक जुनी ओढणी ठेवून जा, धुवू नका.

घ्यायला गेले की काकू दाराशी दोन मिनिटं थांबवायच्या. भात खाल्ला, गाजर थुंकलं. दुपारी पाऊण तासच झोपली, आज लवकर निजवा. शी जरा पातळ होती, दूध थोडं कमी द्या. पहिल्या ठिकाणी मला मिळायचा तो ॲपवरचा तक्ता आणि एक हसरा चेहरा. इथे माझी मुलगी दिवसभर कोणाच्या तरी नजरेत होती हे त्या दोन मिनिटांत कळायचं. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा मोठ्याने रडायला लागली. मी घाबरले. काकू म्हणाल्या, रडून मागितलं की मिळतं हे कळलंय तिला, रडू दे.

काकूंकडे सगळंच नीट होतं असं मुळीच नाही. दुपारी मोठ्या मुलांसाठी टीव्ही लागायचा आणि तो मला खटकायचा. त्यांना डेंग्यू झाला तेव्हा बारा दिवस पाळणाघर बंद राहिलं आणि आम्हा सगळ्यांच्या रजा संपल्या. सगळा डोलारा साठीच्या एका बाईच्या तब्येतीवर उभा होता.

त्या एकदा अनुताई वाघांविषयी बोलल्या. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवली. धाकट्यांना सांभाळायला थोरल्या बहिणी घरी राहायच्या. पाळणा शाळेला जोडला तेव्हा त्या वर्गात बसू शकल्या. काकू म्हणाल्या, “पाळणाघर म्हणजे नुसती बाळाची सोय नव्हे गं, बाळामागे एक मुलगी अडकलेली असते.” मला जिन्यातली ती मुलगी आठवली. तिला स्वतःचं मूल होतं का, हे मी विचारलंच नव्हतं.

डेंग्यूनंतर काकूंनी फी सातशेने वाढवायची म्हटलं, मदतीला एक मावशी ठेवायची होती. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही पालक जमलो. दोघांना वाढ जास्त वाटली. मी ठिपक्याची गोष्ट सांगितली. चौघांनी जास्तीचा भाग उचलला आणि मावशींना महिन्यातून दोन भरपगारी सुट्ट्या द्यायच्या असं ठरलं. पहिल्या तारखेला मावशी आल्या. मुलीने त्यांना दारातच ओढणी दाखवली.