न उकळणारं पाणी

चहाचं आधण ठेवलं की पाणी आधी कुजबुजतं, मग तळाशी बारीक बुडबुडे धरतं आणि शेवटी खळखळून सांगतं, की टाका आता पत्ती. पाणी आपला बेत बोलून दाखवणारच, असं आपण इतकं गृहीत धरलेलं असतं, की ते गुपचूप काही करील हे मनातही येत नाही. नागपूरजवळ कोराडीला ६६० मेगावॅटचे वीजनिर्मिती संच आहेत. त्यांच्या बॉयलरच्या नळ्यांतलं पाणी पूर्ण भारावर उकळतच नाही. तापतं, हलकं होतं, पुढे जाऊन टर्बाइन फिरवतं. पण ‘वाफ झाली कधी?’ असं विचाराल, तर उत्तर नाही.

पाण्याची वेस आहे ३७४ अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २१८ पट दाब. त्या दाबापलीकडे तापवलं, तर पाणी आणि वाफ यांच्यात पृष्ठभागच उरत नाही; बुडबुडा यायचा कुठून? जुन्या बॉयलरच्या माथ्यावर वाफ आणि पाणी वेगळं करणारा भलामोठा ड्रम असे, तो इथे गायब. वेगळं करायचं काय? (बॉयलर पेटवताना दाब कमी असतो, तेवढ्यापुरता सेपरेटर लागतो.)

द्रवांचा हा स्वभाव पहिल्यांदा पकडला गेला तो कानाने. १८२२ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच गृहस्थाने बंदुकीच्या नळीत द्रव आणि गारगोटीचा गोळा घालून तोंड बंद केलं, नळी तापवली आणि ती हलवून आत गोळा कसा वाजतो ते ऐकत बसला. ठरावीक तापमानापुढे द्रवातून जाणाऱ्या गोळ्याचा आवाज बदलला. डोळ्यांना काही दिसण्याची सोय नसताना हे सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं. या वेशीला ‘क्रांतिक बिंदू’ हे नाव १८६९ मध्ये बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने दिलं, तेही पाण्यावर नव्हे, कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून.

आता स्वभावाची खरी गंमत. हवेच्या अडीचशे पट दाबाखाली, ३८५ अंशांच्या आसपास, या पाण्याला उष्णतेची राक्षसी भूक लागते. घरच्या पाण्याचा एक किलो एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. इथे सत्तरहून जास्त. त्याच टापूत ते अंगाने झपाट्याने उतरतं: ३८० ते ३९० अंश, एवढ्या दहा अंशांत घनता निम्म्याहून खाली.

प्रवाह भरपूर आणि आंच बेताची असेल, तर या भुकेचा फायदाच होतो. भिंतीकडून येणारी उष्णता पाणी गिळत राहतं, स्वतः फारसं तापत नाही आणि नळीही गार राहते. असा उदार पाहुणा शोधून सापडायचा नाही. पण प्रवाह मंद ठेवून, आंच वाढवून त्याला वर चढवू लागलात, की तो फुगून बसतो. भिंतीला चिकटून असलेलं पाणी आधी हलकं होतं आणि हलकं म्हणून मधल्या पाण्याच्या बरोबरीने वर धावू लागतं. नळीतली घुसळण चालते ती कडेच्या आणि मधल्या वेगांतल्या फरकावर. तो फरकच मिटला, की घुसळण मरते. कडेचं गरम पाणी कडेलाच आणि मधलं थंड मध्येच. उष्णता घेऊन जायला कोणी नाही, मग चटके खायचे ते भिंतीने. पुढे कडेचं पाणी मधल्याच्याही पुढे निघतं, फरक पुन्हा उभा राहतो आणि स्वारीचा रुसवा निघतो. हेच पाणी तेवढ्याच आंचेवर वरून खाली सोडा: कडेचं हलकं पाणी प्रवाहाला अडवू पाहतं, घुसळण उलट वाढते आणि भिंत सुखात.

भिंतीकडून नळीतल्या प्रवाहाला किती उष्णता मिळेल हे सांगणारं, १९३० पासून चालत आलेलं डिटस–बोल्टरचं सूत्र इथे तोंडघशी पडतं, यात त्या सूत्राची चूक मी मानत नाही. ते अशा द्रवासाठी आहे, ज्याचे गुण काठापासून मध्यापर्यंत साधारण सारखे असतात. चढणं-उतरणं त्याच्या हिशेबातच नाही. मँचेस्टरच्या हॉल आणि जॅक्सन यांनी या वजनाच्या खेळाचा हिशेब मांडला. तरीही नेमकं कोणत्या उंचीवर हे पाणी रुसणार, हे सांगताना आजही आकडे एकमेकांशी भांडतात.

बॉयलरवाल्यांनी त्यांच्या परीने तोड काढली आहे. प्रवाह पुरेसा ठेवायचा, नळ्यांच्या धातूचं तापमान मोजत राहायचं आणि काही बॉयलरांत नळीच्या आतून सर्पिल कंगोरे काढायचे, म्हणजे वर चढणारं पाणी गरगरत, भिंत घासत जातं. या नळ्यांना रायफल्ड ट्यूब म्हणतात. नाव बंदुकीच्या नळीवरूनच आलेलं आहे.